पद लहान, कार्य मोठें

राष्ट्राध्यक्षाचें पद भूषविलेल्या गृहस्थानें पुढें साध्या प्रतिनिधीच्या बांकावर बसावें, हें पुष्कळांस कमीपणाचें वाटेल. अमेरिकेच्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांस तसें वाटलें नाहीं. आणि त्यांची खरी कीर्ति त्या बांकावरच झाली, असें आमचें मत आहे.

त्यांचा जन्म १७६७ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतीं झाला. वडील अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. हे स्वतः वकील, पुढें परराष्ट्रमंत्री व १८२५ पासून चार वर्षें राष्ट्राध्यक्ष होते. ही कारकीर्द फारशी यशस्वी झाली नाहीं. १८२८ च्या निवडणुकींत जॅक्सन यांनीं त्यांचा पराभव केला. दुसरा कोणी असता तर घरीं बसता. हे १८३१ पासून प्रतिनिधिगृहाचे सभासद झाले, ते मरेपर्यंत.

गुलामगिरी बंद करावी, असे हजारों अर्ज त्या काळीं काँग्रेसकडे येत. सह्या करणारांत स्त्रिया पुष्कळ. त्यांस मताचा हक्क नव्हता. १८३६ सालीं गुलामधन्यांच्या पक्षानें ठराव करून घेतला कीं, असे अर्ज वाचूं अगर छापूं नयेत, सरळ दप्तरीं टाकावे. अर्ज करण्याचा हक्क घटनेनें दिलेला आहे, तो बहुमतास काढून घेतां येत नाहीं, हा अ‍ॅडम्स यांचा मुद्दा. १८३७ सालीं खुद्द गुलामांच्या नांवें आलेला एक अर्ज घेतां येईल काय, असें त्यांनीं विचारतांच सभेंत गहजब उडाला. तो अर्ज गुलामगिरी राखावी अशा मजकुराचा होता! परंतु अर्जांतील मागणी आपणांस पटते कीं नाहीं, हा प्रश्नच त्यांच्यापुढें नव्हता.

१८४१ सालीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकन बंदिवानांची बाजू सर्वोच्च न्यायालयांत मांडली व ते मुक्त झाले. पुढच्याच वर्षीं त्यांच्यावर निषेधाचा ठराव आला. त्यांनीं आपला बचाव इतके दिवस चालविला कीं, अखेर सभेनें तो बाजूस ठेविला. डिसेंबर १८४४ मध्यें १०८ विरुद्ध ८० मतांनीं तो अर्जबंदीचा नियम रद्द झाला. २१ फेब्रुवारी १८४८ रोजीं ते सभागृहांतच कोसळले व दोन दिवसांनीं त्याच इमारतींत वारले. गुलामगिरी १८६५ सालीं गेली. तें पाहण्यास ते उरले नाहींत.

पेढीवर हुंडी आली, तर आणणाराचें तोंड न पाहतां ती आधीं वाचावी लागते. प्रजेच्या अर्जासही तोच न्याय लागू आहे. दुबळ्याचें गाऱ्हाणें न वाचतांच जी सभा फेंकून देते, तिचें बहुमत कितीही मोठें असो, तिचा न्याय लंगडाच.