वर उघडणारे दार : ज्याँ बुगाटी याचे चरित्र

थोर पुरुषांची योग्यता त्यांनी तडीस नेलेल्या कामांवरून ठरवावी, असा जगाचा प्रघात आहे. परंतु ज्यांचे काम अर्ध्यावर राहिले आणि पुढे ते इतरांनी पुरे केले, अशा पुरुषांची चरित्रेही विद्यार्थ्यांस कमी बोधप्रद नसतात. पक्ष्याने पंख उभारावे त्याप्रमाणे दारे वर उघडणाऱ्या मोटारींची चित्रे आमचे विद्यार्थी मोठ्या कौतुकाने पाहतात. तशा दाराची कल्पना ज्यांनी आरंभीच्या काळात कागदावर उतरविली, त्यांपैकी ज्याँ बुगाटी हा एक होय. त्यास आयुष्य अवघे तीस वर्षांचे लाभले. त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बुगाटी हे घराणे मूळचे इटलीतील मिलान शहराचे, व पिढीजात कलावंतांचे. ज्याँचे आजोबा कार्लो हे लाकडी सामानाचे नामांकित कारागीर होते. चुलते रेम्ब्रांट हे पशूंच्या मूर्ती घडविण्यात निष्णात होते. वडील एत्तोरे यांनी मात्र तीच कलादृष्टी लोखंड आणि पोलाद यांकडे वळविली. १५ जानेवारी १९०९ रोजी जर्मनीतील कोलोन येथे ज्याँचा जन्म झाला. त्याच सुमारास एत्तोरे यांनी आल्सेस प्रांतातील मोल्सहाइम या लहानशा गावी मोटारींचा स्वतंत्र कारखाना थाटला. हा प्रांत त्या काळी जर्मन अंमलाखाली होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. मुलाचे खरे विद्यालय म्हणजे हा कारखानाच. ओतशाळेत, लोहारशाळेत व आराखड्यांच्या दालनात कारागिरांच्या सहवासात तो वाढला, आणि विशीत आला तोच मोटारींचे बाह्यांग रेखाटण्यात त्याचा हात वाकबगार झाला.

त्या वेळी एत्तोरे यांनी ‘रोयाल’ नामक एक प्रचंड मोटार राजेरजवाड्यांसाठी निर्माण केली होती. तिच्या इंजिनाचे आकारमान बारा लिटरांहून अधिक होते. परंतु जगावर मंदीची छाया पडली. एकंदर सहाच गाड्या तयार झाल्या, आणि त्या काळी त्यांपैकी तिनांनाच गिऱ्हाईक मिळाले. पहिले गिऱ्हाईक एक धनाढ्य कापडव्यावसायिक होते. रात्री आपण गाडी हाकीत नाही, सबब तीस दिवे नकोत, अशी त्यांची इच्छा होती. ही दिव्यांवाचूनची उघडी गाडी ज्याँने १९३२ साली रेखाटली. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. तिची सलग वाहती रेषा पाहून जाणत्यांनी त्याचे गुण ओळखले.

ज्याँस वेगाची ओढ मोठी होती. १९३२ सालीच इंग्लंडात शेल्सली वॉल्श येथील घाटाच्या शर्यतीसाठी चारही चाके इंजिनाने फिरविणारी गाडी घेऊन तो गेला. तेथे सरावातच त्यास अपघात झाला. पुत्राने शर्यतीत उतरावे हे वडिलांस रुचत नसे. तेव्हा तयार गाड्यांची परीक्षा घेण्याचे काम तो आवडीने करू लागला. १९३६ साली कारखान्यात मजुरांचा संप झाला. आपल्या माणसांनी आपणांविरुद्ध उभे राहावे ह्या गोष्टीने एत्तोरे यांचे मन दुखावले, व ते बहुतेक काळ पॅरिसला राहू लागले. तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी कारखान्याचा भार ज्याँच्या शिरावर आला.

त्याच्या बुद्धीचा विशेष कोणता, हे एका उदाहरणावरून कळेल. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ‘एरोलिथ’ नावाची एक कूपे मांडली. दोन दारांची, ठेंगण्या टपाची जी बंद मोटार, तिला कूपे म्हणतात. ह्या कूपेचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. तो हलका खरा, पण सांधताना पेट घेण्याचा धोका. म्हणून नेहमीप्रमाणे जोड देता येईना. तेव्हा पत्र्याच्या कडा बाहेर उभ्या ठेवून त्या रिव्हेटांनी जोडल्या, आणि टपावरून पाठीपर्यंत एक उभा कणा निघाला. जी अडचण दुसऱ्याने झाकली असती, तिलाच ज्याँने गाडीचे भूषण केले. पुढे ‘अटलांटिक’ नावाच्या चार कूपे ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या केल्या, तेव्हा त्या कण्याची गरज उरली नव्हती. तरी तो कायम ठेविला, इतका तो लोकांच्या डोळ्यांत भरला होता.

आता दाराकडे वळू. मोटार जो जो ठेंगणी करावी, तो तो आत शिरणे बिकट होते. बसणाऱ्यास मान व कंबर दोन्ही वाकवावी लागतात. म्हणून अटलांटिकच्या दाराचा वरचा भाग टपातच कापून घेतला होता. परंतु दार बाजूस उघडावयाचे तर त्यास मोकळी जागा हवी, आणि गाडीशेजारी भिंत वा दुसरी गाडी असल्यास पंचाईत. १९३९ साली ज्याँने ‘टाइप ६४’ ह्या नव्या गाडीचे काम हाती घेतले. तिच्या कूपेच्या आराखड्यांत त्याने बिजागऱ्या खांबावरून काढून टपाच्या मध्यभागी नेल्या. दार बाहेर न येता वर उचलले जाई, व माथ्यावरचा टप त्याच्याबरोबरच दूर होई. दोन्ही दारे उघडली म्हणजे फुलपाखराने पंख पसरल्याचा भास होतो; म्हणून फ्रेंच भाषेत त्यांस ‘पापियाँ’, म्हणजे फुलपाखरू, असे नाव पडले.

ही युक्ती फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. दाराचे सर्व वजन टपास पेलावे लागते, म्हणून टप भक्कम हवा. दार हाताने सहज उचलावे व वर स्थिर राहावे यासाठी स्प्रिंगेचा आधार हवा. टपातील फटीतून पाणी आत येऊ नये अशी तजवीज हवी. आणि गाडी उलटली तर दार उघडणार नाही, ह्याचाही विचार हवा.

त्या वर्षी बुगाटीचे नशीब उजळलेले दिसत होते. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत त्यांच्या गाडीने १९३७ साली जिंकली होती. जून १९३९ मध्ये विमी आणि वेरों ह्या चालकांनी तोच पराक्रम पुन्हा केला. त्याच विजयी गाडीची चाचणी घेण्यासाठी ११ ऑगस्ट १९३९ रोजी ज्याँ मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर निघाला. गाडी भरवेगात असता एक सायकलस्वार अकस्मात वाटेत आला. त्यास चुकविण्यासाठी ज्याँने गाडी वळविली. ती झाडावर आदळली, आणि तो गतप्राण झाला. तीन आठवड्यांच्या आत महायुद्ध पेटले. कारखाना जर्मनांच्या हाती गेला, व टाइप ६४ चे काम तेथेच थांबले. वृद्धपणी पुत्रशोक आणि कारखान्याची वाताहत, ही दोन्ही दुःखे सोशीत एत्तोरे १९४७ साली निवर्तले.

परंतु कल्पना मेली नाही. जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या अभियंत्यांसमोर तसाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहिला. त्यांच्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांचा असून बळकटीसाठी त्याच्या बाजू उंच ठेवाव्या लागल्या. दाराचा उंबरठाच इतका उंच झाला की नेहमीचे दार बसेना. तेव्हा त्यांनीही बिजागरी टपावर नेली. १९५४ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी ‘३०० एसएल’ ही गाडी मांडली, आणि १९५७ पर्यंत अशा चौदाशे कूपे विकावयास तयार झाल्या. पुढे इटलीत मार्चेल्लो गांदिनी ह्या शिल्प्याने दार टपावरून न उचलता पुढच्या बिजागरीवर कात्रीसारखे उभे फिरविले. १९६८ च्या ‘काराबो’ ह्या नमुन्यात प्रथम दिसलेले हे दार लाम्बोर्गिनीच्या ‘काउंटाश’ गाडीमुळे जगभर गाजले.

हल्ली हौशी तरुण साध्या कूपेस नव्या बिजागऱ्या व वायूच्या दांड्या लावून तसे दार करवून घेतात. हौसेस आमचा विरोध नाही. मात्र जे दार बाजूस उघडण्यासाठी घडविले, त्याचे वजन, काचेच्या तारा, पाणी अडविणारे रबर व बिजागरीखालच्या पत्र्याची ताकद ही सर्व नव्याने तपासावी लागतात. ज्याँने आधी अडचण ओळखली, मग दार वर नेले. शोभा मागाहून आली. हा क्रम उलटा केला म्हणजे शोभा राहते, अर्थ जातो.

टाइप ६४ चा एक सांगाडा बाह्यांगाविना तसाच राहिला होता. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या पीटर मुलिन ह्या संग्राहकांनी तो मिळविला, आणि ज्याँच्या रेखाटनांवरून त्यास वर उघडणाऱ्या दारांचे बाह्यांग करविले. ते २०१२ च्या सुमारास लोकांपुढे आले, म्हणजे रेखाटणाऱ्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांहून अधिक काळाने.

पेरणाऱ्याने पीक पाहावेच, असा ईश्वरी नियम नाही. आपल्या वाट्याचे काम चोख करून ठेवावे, एवढेच मनुष्याच्या हाती असते. ज्याँने आपले आराखडे चोख केले होते, म्हणून इतक्या वर्षांनी परक्या देशातील कारागिरांस ते उपयोगी पडले. आणि ज्या क्षणी स्वतःचा जीव व वाटेवरील एका अनोळखी माणसाचा जीव यांत निवड करावयाची वेळ आली, त्या क्षणी त्याचा हात योग्य बाजूस वळला. त्याच्या सुंदर गाड्या संग्रहालयांत जपल्या जातील. आमच्या विद्यार्थ्यांनी त्याचे हे वळणही स्मरणात जपावे, अशी आमची इच्छा आहे.