झेंगरचे गाव कोणते?

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास सांगणाऱ्याला न्यूयॉर्कच्या जॉन पीटर झेंगरपाशी थांबावेच लागते. १७३५ साली त्याच्यावर चाललेला खटला प्रसिद्ध आहे. मला मात्र या मुद्रकाबद्दल निराळेच कुतूहल वाटत आले आहे. हा माणूस मूळचा कुठला?

जर्मनीतल्या पॅलाटिनेट प्रांतातला, जन्म १६९७ चा, इथवर सारे ठीक. गावाचे नाव मात्र पक्के होत नाही. आपल्याकडे आडनावातला ‘कर’ निदान गावाची वाट तरी दाखवतो. झेंगर या आडनावात तशी सोय नाही. मग उरतात त्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या. या घरातल्या मुलांच्या नोंदी रुंबाख गावी १६९७ आणि १७०३ सालच्या आहेत, वाल्डफिशबाखला १७०६ ची, आणि मधेच १७०१ साली वडील निकोलाउस एबरहार्ड इंप्फ्लिंगेनला सापडतात. तिथे ते शाळामास्तर होते. सारा गुंता या एका शब्दात आहे, असे मला वाटते. शेतकऱ्याच्या चार पिढ्या एकाच वहीत भेटतात. मास्तरांचे बिऱ्हाड शाळा मिळेल तिकडे जायचे. आयुष्यभर बदलीची नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हे कुणी समजावून सांगायला नको. माझा कल रुंबाखकडे आहे, पण तो कलच.

१७०९ च्या हिवाळ्याने त्या मुलखात कहर केला. द्राक्षांचे वेल गोठले. फ्रेंच फौजांनी तो आधीच लुटलेला होता. हजारो माणसे ऱ्हाईन नदीने उतरून लंडनला पोचली. राणी ॲनच्या सरकारने त्यांतल्या सुमारे तीन हजारांना १७१० मध्ये न्यूयॉर्ककडे धाडले, आरमारासाठी पाइनच्या झाडांपासून डांबर काढायला. वाटेत शेकडो माणसे दगावली. नव्या मुलखात बस्तान बसण्याआधीच पीटरचे वडीलही गेले. तेरा वर्षांच्या या पोरक्या मुलाला विल्यम ब्रॅडफर्डच्या छापखान्यात आठ वर्षांच्या कराराने उमेदवारीला लावण्यात आले.

पुढे त्याने स्वतःचा छापखाना थाटला आणि १७३३ साली ‘न्यूयॉर्क वीकली जर्नल’ सुरू केले. गव्हर्नर विल्यम कॉस्बीवर तुटून पडणारे त्यातले लेख प्रामुख्याने जेम्स अलेक्झांडर आणि त्याच्या साथीदारांचे, तेही निनावी. अंकावर नाव एकट्या मुद्रकाचे. त्यामुळे १७ नोव्हेंबर १७३४ रोजी तुरुंगात गेला तो झेंगर. लेखकांची नावे त्याने सांगितली नाहीत. बायको ॲना कॅथरिना कोठडीच्या दाराला असलेल्या भोकातून त्याच्या सूचना ऐकून घेई आणि अंक काढी. आठ-नऊ महिन्यांत खाडा झाला तो एकाच अंकाचा!

४ ऑगस्ट १७३५ रोजी वकील अँड्र्यू हॅमिल्टनने छपाई मान्य करून टाकली आणि मजकूर खरा आहे, एवढ्याच मुद्द्यावर लढा दिला. तेव्हाच्या कायद्यात खरेपणा हा बचाव नव्हता. तरी ज्युरीने थोड्याच वेळात त्याला निर्दोष ठरवले.

झेंगर १७४६ साली वारला. छापखाना ॲनाने चालवला, नंतर मुलाने. ‘जर्नल’ १७५१ मध्ये बंद पडले.