जन्म ब्रीच कँडीचा, शोध स्टोनहेंजचा : जमिनीत गडप झालेला रस्ता आकाशातून ओळखणारा क्रॉफर्ड

स्टोनहेंजचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या माळरानावर गोलात उभे असलेले ते अवाढव्य दगड. पण या दगडांपासून एव्हन नदीपर्यंत जाणारा एक रस्ताही होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

हजारो वर्षांपूर्वीचा हा रस्ता. दोन्ही बाजूंना चर खणलेले. लांबी अडीच-तीन किलोमीटर. शतकानुशतकं शेतात नांगर फिरत राहिला आणि त्याचा मोठा भाग दिसेनासा झाला. त्यावरून रोज चालणाऱ्यालाही पायाखाली काय आहे याचा पत्ता नव्हता.

१९२३ साली एका माणसाने हा हरवलेला भाग शोधून काढला. तेही ऑफिसात बसून, विमानातून काढलेले फोटो बघता बघता.

त्याचं नाव ओ. जी. एस. क्रॉफर्ड. आणि त्याचा जन्म झाला होता आपल्या मुंबईत.

हे क्रॉफर्ड मार्केटवाले क्रॉफर्ड नव्हेत

मार्केटला ज्यांचं नाव मिळालं ते आर्थर क्रॉफर्ड, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. आपले क्रॉफर्ड वेगळे. पूर्ण नाव ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड. जन्म २८ ऑक्टोबर १८८६, ब्रीच कँडी. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत, ठाण्याला न्यायाधीश होते.

जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. तीन महिन्यांच्या या बाळाला बोटीने इंग्लंडला पाठवलं गेलं. तिथे आत्यांनी त्याला वाढवलं. आठ वर्षांचा असताना वडीलही भारतातच वारले.

पोरका मुलगा एकलकोंडा झाला. शाळेत त्याचं मन रमलं नाही. रमायचं ते रानोमाळ भटकण्यात, जुन्या टेकाडांवर आणि बांधांवर. ऑक्सफर्डला गेल्यावर त्याने सुरुवातीला ग्रीक-लॅटिन घेतलं, मग ते सोडून भूगोल धरला. त्या काळी भूगोलाला फारशी किंमत नव्हती. पण पुढे त्याला तोच कामी आला.

युद्धाने आकाशातून बघायला शिकवलं

पहिलं महायुद्ध सुरू झालं. क्रॉफर्ड आधी पायदळात होते, मग सैन्याच्या नकाशा विभागात गेले. १९१७ साली ते विमानदलात निरीक्षक झाले. विमानात बसायचं, खालची जमीन न्याहाळायची, शत्रूचे खंदक टिपायचे, हे काम. पहिल्याच उड्डाणात पायाला गोळ्या लागल्या. बरे होऊन परतले, तर १९१८ साली विमान पाडलं गेलं आणि ते जर्मनांचे कैदी झाले. नदी पोहून पळायचा प्रयत्न केला, तोही फसला. मग कैदेतच त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं.

युद्ध संपल्यावर, १९२० साली त्यांना ऑर्डनन्स सर्व्हेमध्ये नोकरी मिळाली. ब्रिटनचे अधिकृत नकाशे बनवणारं हे सरकारी खातं. खात्याचे ते पहिले पुरातत्त्व अधिकारी. नकाशावर प्राचीन किल्ले, थडगी, रोमन रस्ते योग्य जागी आहेत का, हे त्यांनी तपासायचं होतं.

खात्यातल्या काहींना हे पद म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटायची. क्रॉफर्ड मात्र नकाशे घेऊन सायकलवर निघायचे, गावोगाव फिरायचे, शेतकऱ्यांशी बोलायचे आणि जे सापडेल ते नकाशावर चढवायचे.

पीकच सांगतं खाली काय आहे

१९२२ साली विमानदलाच्या एका अधिकाऱ्याने त्यांना काही फोटो दाखवले. हॅम्पशायरच्या शेतांवर विचित्र रेघांचं जाळं दिसत होतं. अधिकाऱ्याला त्याचा उलगडा होत नव्हता. क्रॉफर्डनी मात्र ते लगेच ओळखलं. ते हजारो वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध होते. लहान लहान चौकोनी वाफे, आजच्या शेतांशी अजिबात न जुळणारे.

पण जमिनीखालचं वर दिसतं कसं? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

जुना चर किंवा खड्डा कालांतराने बुजतो. तिथे माती खोल असते, ओल टिकते. त्यावरचं पीक जोमात वाढतं आणि जास्त दिवस हिरवं राहतं. याउलट खाली दगडी भिंत किंवा फरसबंदी असेल, तर मुळांना माती मिळत नाही. पीक खुरटतं, लवकर पिवळं पडतं. पावसाने ओढ दिली की हा फरक आणखी ठसठशीत होतो.

दुसरी खूण सावलीची. पार झिजून गेलेला बांध दुपारी दिसत नाही. पण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची सावली लांब पडते. तिसरी खूण मातीच्या रंगाची. नांगरलेल्या शेतात बुजलेल्या चराची माती वेगळ्या रंगाचा पट्टा उठवते.

मग हे शेतात उभं राहून का दिसत नाही? क्रॉफर्ड त्यासाठी मांजराचं उदाहरण द्यायचे. गालिचावर बसलेल्या मांजराला फक्त रंगांचे ठिपके दिसतात, नक्षी दिसते ती उभ्या माणसाला. जमिनीवर आपण मांजर असतो.

आणि रस्ता सापडला

स्टोनहेंजच्या परिसराचे फोटो विमानदलाने १९२१ साली काढले होते. अशा फोटोंचं काम झालं की ते पडून राहायचे. १९२३ मध्ये ते क्रॉफर्डच्या हाती आले. त्यांना शेतांमधून जाणाऱ्या दोन समांतर पुसट रेघा दिसल्या.

स्टोनहेंजपासून रस्ता निघतो, हे आधीच माहीत होतं. अठराव्या शतकात विल्यम स्टकली या अभ्यासकाने तो मोजून, रेखाटून ठेवला होता. पण पुढे जाऊन तो कुठे वळतो, यावर वाद होता, कारण पुढचा भाग नांगरला गेला होता. फोटोतल्या रेघा नेमक्या तिथूनच पुढे सुरू होत होत्या आणि नदीच्या दिशेने वळत होत्या.

इथे क्रॉफर्ड थांबले नाहीत. फोटोत रेघ दिसली म्हणजे ती प्राचीनच असते असं नाही. ती सैन्याच्या सरावाचा खंदक असू शकते, पाण्याची पाइपलाइन असू शकते. गवतातलं गूढ वर्तुळ कधी कधी नुसत्या बुरशीमुळे उठलेलं असतं. म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी जागेवर जाऊन खोदलं. बुजलेले चर खाली सापडले. जुनी रेखाटनं, फोटो आणि कुदळ, तिघांची साक्ष जुळली.

ही बातमी वर्तमानपत्रात वाचून अलेक्झांडर केलर हा श्रीमंत हौशी पुरातत्त्वज्ञ त्यांना येऊन मिळाला. घरचा धंदा मार्मलेडचा. १९२४ साली दोघांनी विमान भाड्याने घेऊन दक्षिण इंग्लंड पालथा घातला. त्यातून १९२८ साली फोटोंचं एक मोठं पुस्तक निघालं. त्याआधी १९२७ मध्ये क्रॉफर्डनी 'अँटिक्विटी' हे नियतकालिक सुरू केलं. ते आजही निघतं.

गॅरेजमध्ये वाचलेला इतिहास

क्रॉफर्डना खरी घाई एका गोष्टीची होती. नांगर थांबणार नव्हता, शहरं वाढणार होती. त्यामुळे बऱ्याच जागांचा एकमेव पुरावा म्हणून नकाशा आणि फोटोच उरणार होते.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा त्यांचं ऑफिस साउथॅम्प्टन या बंदराच्या शहरात होतं. इथे बॉम्ब पडणार, कागदपत्रं हलवा, असं ते सांगत राहिले. कुणी मनावर घेईना. शेवटी त्यांनी नकाशे, फोटो आणि नोंदी स्वतःच उचलून नर्सलिंग गावातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या.

नोव्हेंबर १९४० मध्ये त्या ऑफिसवर खरोखरच बॉम्ब पडले. गॅरेजमधला ठेवा मात्र वाचला.

१९४६ मध्ये ते निवृत्त झाले. लग्न केलं नाही. नर्सलिंगच्या घरात सोबतीला मांजरं आणि पुस्तकं. नोव्हेंबर १९५७ मध्ये, एका रात्री झोपेतच ते गेले.

त्यांची पद्धत मात्र जुनी झाली नाही. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळच्या एका शेतात ड्रोनच्या कॅमेऱ्याला प्राचीन बांधकामाचं प्रचंड वर्तुळ दिसलं. विमानाच्या जागी ड्रोन आला, पण ते वर्तुळ दाखवलं ते पिकाच्या हिरव्या-पिवळ्या फरकानेच.

मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा उघडून एखाद्या शेतात विचित्र आकार दिसला, तर आधी त्या जागेचा जुना नकाशा शोधा, वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो ताडून बघा. कुदळ मात्र पुरातत्त्व खात्याकडेच राहू द्या.