नगरसेवक जोतीराव

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, ठाण्याची २०२२ च्या मार्चमध्ये. पुढची काही वर्षं दोन्हीकडचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. नगरसेवकांना नावं ठेवण्यात आपण बायका काही मागे नसतो. पण त्या काळात पाणी दोन दिवस येणार नसलं, रस्ता अचानक खणला गेला किंवा दवाखान्यात लस संपली, की विचारायचं कुणाला हेच कळेनासं झालं. महापालिका होती, अधिकारी होते, पण आतली गोष्ट बाहेर येऊन सांगणारा आणि बाहेरचं गाऱ्हाणं आत नेऊन मांडणारा माणूसच नव्हता. बचत गटाच्या कामानिमित्त दहा चाळी फिरताना हे फार जाणवलं. तेव्हापासून एका जुन्या नगरसेवकाची वारंवार आठवण येते. त्यांचा फोटो आपल्या प्रत्येक शाळेत आहे, पण ते कधी नगरपालिकेचे सभासद होते हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ अशी सहा-सात वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते.

त्यांचं आधीचं आयुष्य आपण पाठ केलेलं आहे, म्हणून थोडक्यातच सांगते. जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या, मावसबहीण सगुणाबाईंनी वाढवलं. लहानपणीच सावित्रीबाईंशी लग्न झालं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी वडिलांचं घर सोडावं लागलं. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा, १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय, १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. हे सगळं करून झाल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते पालिकेत गेले.

‘निवडून आले’ म्हणता येत नाही, कारण तेव्हा निवडणूकच नव्हती. सरकार सभासद नेमत असे. रिपनसाहेबाचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला १८८२ मध्ये, आणि मतदानाची पद्धत त्यानंतरची. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या हो ला हो करावं, अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. शिवाय जोतीराव व्यवसायाने कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या आणि सरकारी बांधकामांच्या कामांत त्यांनी माल पुरवलेला होता. कंत्राटदार नगरसेवक म्हटलं की आज आपल्या भुवया वर जातात! पण चुना, दगड आणि मजुरी यांचा हिशोब ज्याला घरचा आहे, तो सभागृहात बसला की खर्चाच्या कागदाकडे कसा बघतो, ते जोतीरावांच्या बाबतीत दिसून आलं.

ते सभासद झाले त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. १८७६-७७ चा तो दुष्काळ दख्खनभर पसरला होता. खेड्यांतून माणसं पुण्याकडे येत होती, बरोबर हाडांचे सापळे झालेली पोरं. सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र काढलं. नुसती भाकरी वाढून जोतीराव थांबले नाहीत. मे १८७७ मध्ये त्यांनी पत्रक काढून परिस्थिती काय आहे, मुलं कशी येत आहेत, मदतीची गरज किती आहे हे लोकांना जाहीर सांगितलं. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर-ओतूरच्या भागात दुष्काळाचं काम बघत होत्या आणि तिथली हकिगत जोतीरावांना पत्राने कळवत होत्या. हे पत्र आज आपल्याला वाचायला मिळतं. मला त्यात नवऱ्याला लिहिलेलं पत्र कमी आणि कार्यकर्तीने मुख्य कचेरीला पाठवलेला अहवाल जास्त दिसतो. कुठे काय चाललंय, कोण अडवतंय, कोण मदत करतंय, सगळं त्यात आहे. त्या जोडप्याच्या घरात माहिती अशी जात-येत असे.

याच दुष्काळात, १८७७ च्या जानेवारीत, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने दिल्लीला थाटामाटाचा दरबार भरवला. १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला तोही यानेच. अशा या लिटनसाहेबाच्या पुणे भेटीसाठी शहर सजवायचं ठरलं आणि त्याकरता पालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा ठराव आला. त्या काळचे हजार रुपये! पालिकेचं मुख्य उत्पन्न जकातीचं. म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, आणि तो शेवटी सणगरापासून मोळीविकीपर्यंत सगळ्यांच्याच खिशातून जाणार. जोतीरावांनी सांगितलं, की हा पैसा कमानी आणि पताकांवर उधळण्याऐवजी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मत घेतलं तेव्हा ठरावाच्या विरोधात ते एकटे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. त्या दिवशी ते हरले, हे खरंच आहे. पण आज त्या सभेतल्या दुसऱ्या कुणाचं मत आपल्याला ठाऊक आहे?

दारूच्या दुकानांचा प्रश्न याहून आपल्या जवळचा. १८८० मध्ये पुण्यात नव्या दारूच्या दुकानांना परवाने मिळू लागले. जोतीरावांनी पालिकेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना, प्लंकेट नावाच्या साहेबांना, पत्र लिहिलं. त्यात त्यांनी काय मुद्दा काढला बघा. दारू वाईट, पाप लागतं वगैरे प्रवचन त्यात मुख्य नव्हतं. लोकांची तब्येत नीट राहावी म्हणून पालिका स्वच्छतेवर, देखरेखीवर एवढा खर्च करते, आणि दुसरीकडे त्याच लोकांची तब्येत आणि संसार बिघडवणारी दुकानं उघडली जातात, तर या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, असा त्यांचा रोख होता. या दुकानांवर पालिकेने कर का बसवू नये, हेही त्यांनी विचारलं. वस्तीतली दारू बंद करा म्हणून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चे नेणाऱ्या आमच्या बायकांना हे पत्र वाचून दाखवावंसं वाटतं. शंभर अर्जांत आपण रडगाणं लिहितो. त्यांनी पालिकेला पालिकेच्याच हिशोबात पकडलं.

मंडईचंही असंच. पुण्यात मोठी दगडी मंडई बांधायचं ठरलं, तेव्हा जोतीरावांचा या खर्चाला विरोध होता. आधी मुलांच्या शिक्षणाला पैसे द्या, मग इमारती बांधा, हा त्यांचा हट्ट. मंडई १८८६ मध्ये उघडली आणि गव्हर्नर रे यांचं नाव तिला दिलं गेलं. पुढे त्याच वास्तूचं नामकरण महात्मा फुले मंडई असं झालं, आणि आता तिच्यासमोर उभं राहून भाजी घेणाऱ्या कुणाला या विरोधाची कल्पनाही नसते. मला स्वतःला मंडई आवडते, आणि या एका बाबतीत जोतीरावांशी वाद घालावासा वाटतो. भाजी विकणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर आलं हेही काही कमी नाही. पण शाळेचे पैसे आधी, हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही.

१८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सुरुवातीला स्वतःची ओळख करून देताना त्यांनी समाजसुधारक वगैरे काही लिहिलं नाही. व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद, राहणार पेठ जुना गंज, एवढंच. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मुलींच्या प्राथमिक शिक्षणाला सढळ हाताने मदत द्या, या मागण्या आपल्याला माहीत आहेत. पण त्यात एक भाग असा आहे जो एखादा सभासदच लिहू जाणे. मोठ्या शहरांत पालिकेच्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च पालिकेकडून घ्यावा, पण शाळांचा कारभार मात्र पूर्णपणे तिच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख असावी, असं त्यांनी सुचवलं. स्वतः ज्या सभेत बसतो तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, असं सरकारला लेखी सांगणारा सभासद विरळाच.

आता ठाण्याकडे येते.

पालिकेत बोललेलं पालिकेबाहेर पोचवायला साधन लागतं. पुण्याची बहुतेक वर्तमानपत्रं तेव्हा जोतीरावांच्या विरोधात होती. १८७७ मध्ये त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केलं. भालेकरांना ते झेपेना, तेव्हा १८८० मध्ये ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतलं. हे लोखंडे ठाण्याचे, जन्म १८४८ चा. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यांनी या पत्रातून मांडली, सभा भरवल्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. त्या वर्षीच्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. रविवारी उशिरा उठणाऱ्या आपल्या सगळ्या घरांनी लोखंड्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पण गुरू-शिष्यांतही एकदा ठिणगी पडली. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. सारा कसा वाढतो, कागदावर काय लिहिलं जातं, पाटबंधारे खात्याचे अधिकारी पाणी कसं देतात, कुळाला काय सांगितलं जातं आणि काय लपवलं जातं, हे सगळं त्यात. लोखंड्यांनी पहिली दोन प्रकरणं दीनबंधुत छापली आणि पुढची थांबवली. मजकूर सरकारवर फारच कडक होता, आणि पत्र चालवायचं तर तोल सांभाळावा लागतो. संपादकाची अडचण मी समजू शकते. जोतीरावांना ती मुळीच समजली नाही आणि आपली नाराजी त्यांनी पुस्तकातच नोंदवून ठेवली.

मग त्यांनी छापण्याची वाट न बघता ते बाड काखोटीला मारलं आणि लोकांना वाचून दाखवायला निघाले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. ज्यांच्याविषयी लिहिलं होतं त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं, त्यामुळे छापूनही ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसतंच. बायकांना तर नाहीच नाही. म्हणून वाचून दाखवणं. आपल्या ठाण्यात ते वाचन कान देऊन ऐकणारी माणसं होती. पोथी ऐकायला बसावं तसं बसून त्यांनी सरकारी कारभाराची हकिगत ऐकली असेल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकलं. महाराजांना आणि हडपसरच्या माळ्याला वाचून दाखवायचा मजकूर एकच होता.

मला विचाराल तर जोतीरावांच्या नगरसेवकपणाचा खरा भाग हाच, आणि तो सभासदत्व संपल्यानंतर घडला. आमच्याकडे कितीतरी नगरसेविका निवडून आल्या. १९९० नंतर आरक्षण आलं, २०११ मध्ये महाराष्ट्रात ते निम्म्यावर गेलं. त्यांतल्या काही फार चांगल्या निघाल्या. पाणी बंद असेल तर आदल्या संध्याकाळी चाळीच्या फळ्यावर स्वतः खडूने लिहून जाणारी एक मी बघितली आहे. काहीजणींच्या कागदांवर सह्या त्यांच्या, पण आतला मजकूर त्यांनाही कुणी वाचून दाखवला नव्हता.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीला सभा होऊन जोतीरावांना महात्मा पदवी दिली गेली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरं केलं. दुकान बसलं होतं, पैशाची ओढ होती, तरी सावित्रीबाई आणि दत्तक मुलगा यशवंत यांनी घर धरून ठेवलं.

मृत्युपत्र त्यांनी आधीच, १८८७ मध्ये, करून ठेवलं होतं. दहन न करता मिठात घालून पुरावं, अशी त्यात इच्छा होती, आणि घराच्या मागे त्यासाठी जागाही तयार ठेवली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. वस्तीच्या जागेत पुरायला पुणे नगरपालिकेची परवानगी हवी होती, आणि ज्या पालिकेत ते सहा-सात वर्षं बसले तिने ती दिली नाही. दहनच करावं लागलं. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून नातेवाइकांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवं हातात घेऊन चालल्या आणि अग्नी त्यांनीच दिला. अस्थी मात्र त्याच घरामागे, त्यांनी तयार ठेवलेल्या जागेत आणून ठेवल्या.