संत गोन्सालो गार्सिया : एका नावाची वसईपर्यंतची वाटचाल

देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा कानी पडतात. एकच नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना कसे वळण घेते, हे येथील भाविकांस वेगळे सांगावयास नको. वसईकडील कुणी गोन्सालविस आडनावाचे धर्मगुरू भेटले, की हे आडनाव कोणत्या भाषेतील, असा प्रश्न मात्र पडतो. पोर्तुगीज हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे.

गोन्सालविस म्हणजे गोन्सालोचा पुत्र. गोन्सालो हे नाव मुळात जर्मानिक. पाचव्या शतकात स्वेवी व व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळ्या आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये उतरल्या. त्यांची राज्ये लयास गेली, भाषाही नष्ट झाली. नावे तेवढी मागे राहिली. जुन्या लॅटिन दस्तऐवजांत हे नाव गुंदिसाल्वुस असे आढळते. त्यातील ‘गुंद’ म्हणजे युद्ध. उत्तरार्धाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रॉड्रिग्ज, फर्नांडिस, आल्वारिस ही आपल्या परिचयाची आडनावेही त्याच कुळातील होत. तेराव्या शतकातील आमारांतेचे धन्यवादित गोन्सालो यांच्यावरील भक्तीमुळे पोर्तुगालमध्ये हे नाव घरोघरी पोहोचले, आणि 1534 मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली आलेल्या वसईतही ते आले.

या वसईत 1557 च्या सुमारास एका बालकास हे नाव मिळाले. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीतील. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत बाळ गोन्सालो शिकला आणि अवघ्या पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्यासमवेत जपानला गेला. तेथे सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा करताना त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली, की पुढे तीच त्यांच्या जीवनाचे साधन आणि अखेर मरणाचेही निमित्त ठरली, असे आम्हांस वाटते.

येशूसंघात आपणांस प्रवेश मिळावा, ही त्यांची तळमळ होती. ती पूर्ण झाली नाही. इतकी वर्षे ज्यांच्यासाठी झिजलो, त्यांनीच आपल्याला आपले म्हणू नये, हे दुःख तरुण मनास केवढे जड गेले असेल! गोन्सालो बाहेर पडले आणि व्यापारात शिरले. व्यापारात त्यांना यश आले, पण मन रमले नाही. पुढे मनिला येथे त्यांनी सर्व सोडून फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश केला.

1593 साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून धाडले. बोलणार कोण? दुभाषे म्हणून बंधू गोन्सालो यांची निवड झाली. ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशीने 1587 मध्येच काढला होता. तरीही या मंडळींस क्योतोत राहण्याची मुभा मिळाली. तेथे त्यांनी मंदिर उभारले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. ज्याच्या नावात युद्ध दडलेले, तो माणूस दोन परक्या लोकांमध्ये शब्द पोहोचविण्याचे काम करीत होता!

1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून उठलेल्या संशयाची परिणती धर्मबंधूंच्या अटकेत झाली. एकूण सव्वीस जणांना मरणदंड झाला : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक भाविक, त्यांत काही कोवळी मुलेही. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा भाग छाटण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस नेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तेथील टेकडीवर त्यांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या घरात होते. ज्या येशूसंघाचे दार त्यांच्यासाठी उघडले नव्हते, त्याचेही तिघे रक्तसाक्षी त्याच टेकडीवर क्रूसावर होते.

पोप आठवे अर्बन यांनी 1627 मध्ये त्यांस धन्यवादित, तर पोप नववे पायस यांनी 8 जून 1862 रोजी संत घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत. 2008 मध्ये केरळच्या अल्फोन्सा संतपदी पोहोचल्या, तेव्हा अनेकांनी त्यांना पहिल्या भारतीय संत म्हटले. त्या पहिल्या भारतीय संत-स्त्री, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. (योगायोग असा, की अल्फोन्सा हे नावही अल्फोन्सो या जर्मानिक नावाचेच स्त्रीरूप.)

वैश्विक ख्रिस्तसभा या सव्वीस जणांचा सण 6 फेब्रुवारी रोजी पाळते. त्या दिवशी मिस्साविधीत संत पॉल मिकी यांचे नाव घेऊन बाकीच्यांना ‘सोबती’ म्हटले जाते. आपल्या मराठवाड्यातील भाविकांनी त्या सोबत्यांमध्ये वसईच्या गोन्सालोंचे नाव आवर्जून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.