वसंतातल्या बर्फाचा जाणकार : सर अर्नोल्ड लन

चैत्री एकादशीला पंढरपुरात आलेला अनुभवी वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतो तो पहाटे. रात्रभर निवलेली वाळू तेव्हा पायाला गार लागते. नऊ-दहा वाजले की ती तापू लागते आणि माध्यान्ही अनवाणी पायांनी पाण्यापर्यंत जाणे म्हणजे चटके सोसणे. वाळू तीच, चालणाराही तोच. फरक पडतो तो वेळेचा. हा हिशेब ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याला स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतातील वसंत ऋतूचे स्कीइंग समजावून सांगायला फारसा वेळ लागणार नाही. तेथेही सारा खेळ पहाटे निघून दुपारच्या आत परतण्याचा असतो. मात्र तेथे वेळ चुकली तर पायाला चटका बसून भागत नाही, डोंगरउतारावरचा अख्खा बर्फ अंगावर येतो.

हे घड्याळ चिकाटीने वाचून ते इतरांसाठी लिहून ठेवणाऱ्यांत एक नाव अग्रभागी आहे, सर अर्नोल्ड लन. आजच्या ऑलिंपिकमधील स्लालम शर्यतीचे जनक म्हणून क्रीडाजगत त्यांना ओळखते. त्यांचा जन्म बर्फाच्या प्रदेशात नव्हे, तर भर उन्हाळ्यात, १८ एप्रिल १८८८ रोजी मद्रासमध्ये झाला, हे आपल्याकडे क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

वडील हेन्री लन हे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि डॉक्टर. वैद्यकीय सेवेसाठी ते भारतात आले. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि वर्षभरातच कुटुंबासह त्यांना मायदेशी परतावे लागले. परतल्यावर त्यांनी भारतातील मिशनऱ्यांच्या सुखवस्तू राहणीवर जाहीर टीका केली. त्यावरून मोठे वादळ उठले. पुढे ख्रिस्ती पंथांमध्ये ऐक्य घडावे म्हणून त्यांनी १८९२ पासून स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे परिषदा भरवल्या. परिषदांसाठी माणसांची ने-आण आणि राहण्याची सोय करता करता या धर्मोपदेशकाचा प्रवास कंपनीचा व्यवसाय उभा राहिला. धर्मकार्यातून पर्यटन उभे राहण्याचे उदाहरण पंढरपूरच्या माणसाला नवलाचे वाटणार नाही.

१८९८ मध्ये हेन्री लन यांनी फ्रान्समधील शामोनी येथे हिवाळी सहल नेली. त्या सहलीत दहा वर्षांच्या अर्नोल्डने पहिल्यांदा पायाला स्की बांधल्या. त्या काळी आल्प्समधील लोकांनाही हे प्रकरण नवे होते. नॉर्वेत शतकानुशतके चालत आलेली लाकडी फळ्यांची ही विद्या मध्य युरोपात नुकती कोठे रुजत होती. हिवाळ्यात डोंगरावरची हॉटेले बंद असत, पर्वतीय रेल्वेही थांबलेली असे. लाऊटरब्रुनेनच्या खोल दरीवर, कड्याच्या काठावर सुमारे १६४० मीटर उंचीवर वसलेले म्युरेन हे गाव त्यांपैकीच एक. १९१० च्या सुमारास हेन्री लन यांनी तेथील रेल्वे हिवाळ्यातही चालवावी म्हणून प्रयत्न केले आणि ते यशस्वी झाले. पुढील अर्धशतक हे गाव म्हणजे अर्नोल्ड लन यांची कर्मभूमी ठरली.

हॅरो आणि मग ऑक्सफर्डचे बेलिअल कॉलेज असे शिक्षण झाले. पदवी मात्र हाती लागली नाही. अभ्यासापेक्षा डोंगरांची ओढ मोठी होती. विशीतच त्यांनी १९०८ मध्ये अल्पाइन स्की क्लबची स्थापना केली. प्राध्यापक रोजे यांच्यासमवेत बर्नीज ओबरलँडची हिमाच्छादित रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्कीवरून पार केली. आणि मग १९०९ च्या ऑगस्टमध्ये घात झाला. वेल्समधील केडर इड्रिस या डोंगराच्या धारेवर चढत असताना हाताखालचा दगड सुटला आणि लन सुमारे शंभर फूट खाली कोसळले. उजव्या पायाचे हाड मोडून बाहेर आले. पाय वाचला, पण तो दोनेक इंचांनी कायमचा आखूड झाला आणि जखम पुढे कित्येक वर्षे वाहत राहिली.

एकविसाव्या वर्षी पायाने अधू झालेल्या माणसाने स्कीइंगचा विचार सोडून दिला असता तर कोणी दोष दिला नसता. लन यांनी सोडला नाही. मात्र त्यांच्या खेळात एक बदल घडला, तो ताकदीकडून जाणकारीकडे. धडधाकट माणूस वाईट बर्फात पायांच्या जोरावर निभावून नेतो. ज्याच्या एका पायावर भरवसा नाही, त्याला बर्फ चांगला कोठे आणि केव्हा असेल हे आधी कळावे लागते. लन बर्फाच्या अभ्यासाकडे एवढ्या गंभीरपणे वळले, त्यामागे हा अधू पाय होता असे म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

या अभ्यासाचे सार असे. जानेवारीतला बर्फ भुसभुशीत, पिठासारखा असतो आणि सर्वसाधारण हौशी मंडळींना तोच आवडतो. मार्च-एप्रिल उजाडला की दऱ्यांत फुले येतात, गावातला बर्फ चिखलात मिसळतो आणि पर्यटक सामान बांधतात. लन यांचे म्हणणे नेमके उलट होते. उंचावरचा खरा हंगाम तेव्हा सुरू होतो. वसंतात दिवसा ऊन बर्फाचा वरचा थर वितळवते आणि निरभ्र रात्री तो पुन्हा गोठतो. हे चक्र दिवसेंदिवस चालले की बर्फाच्या नाजूक पाकळ्या जाऊन त्याचे गोल, एकमेकांना चिकटलेले दाणे बनतात. चांगले कढवलेले तूप थंडीत जसे रवाळ होते, तसा हा बर्फ रवाळ होतो. पहाटे तो दगडासारखा कठीण असतो. स्कीची कडही त्यात रुतत नाही. सूर्य वर आला की फक्त वरचा इंचभर थर मऊ होतो आणि खालचा पाया घट्ट राहतो. ही जी अर्ध्या-एक तासाची वेळ, तिच्यासारखे सुख स्कीइंगमध्ये दुसरे नाही. स्की आपसूक वळते, घसरण्याची भीती उरत नाही, अधू पायावरही ताण येत नाही. त्यानंतर तासाभरात हाच उतार गुडघाभर रबडीत बदलतो.

यातून वेळापत्रक तयार होते. पूर्वेकडचा उतार आधी मऊ पडतो, मग दक्षिणेकडचा, शेवटी पश्चिमेचा. जाणकार माणूस अंधारात निघून गोठलेल्या बर्फावरून वर चढतो आणि सूर्याच्या मागोमाग उतार निवडतो. रात्री आकाशात ढग असतील तर जमिनीची उष्णता निघून जात नाही, बर्फ गोठत नाही, आणि अशा सकाळी अंथरुणातून उठूच नये. उबदार वारा सुटला तरी तेच. दुपारनंतर वितळलेले पाणी थरांमध्ये झिरपते आणि ओला, जड बर्फ संपूर्ण उतारासह सुटतो. अशा ओल्या हिमप्रपातात सापडलेल्या माणसाभोवती बर्फ थांबताक्षणी आवळून बसतो आणि बाहेरून खणल्याशिवाय सुटका नसते.

ही भीती पुस्तकी नव्हती. ऑस्ट्रियाचे स्कीगुरू माथियास झ्दार्स्की १९१६ मध्ये हिमप्रपातात सापडले आणि त्यांच्या शरीरात सुमारे ऐंशी ठिकाणी हाडे मोडली. ते जगले हेच आश्चर्य. त्याच वर्षी डिसेंबरात इटली आणि ऑस्ट्रियाच्या आघाडीवर मार्मोलाडा पर्वतावरून कोसळलेल्या एका हिमप्रपाताने सैनिकांची छावणीच्या छावणी गाडली. लन यांना पायामुळे सैन्यात घेतले गेले नव्हते. ते त्या काळात म्युरेनमध्ये, स्वित्झर्लंडने ठेवून घेतलेल्या जखमी ब्रिटिश युद्धबंद्यांच्या सेवेत होते. तेथूनच सवड काढून त्यांनी जून १९१७ मध्ये मार्गदर्शक योझेफ क्नुबेल यांच्यासह डोम हे साडेचार हजार मीटरहून उंच शिखर स्कीच्या साहाय्याने प्रथमच सर केले. महिना लक्षात घेण्यासारखा आहे, जून. १९२१ मध्ये त्यांनी सर्व उंचींवरील आणि सर्व ऋतूंतील स्कीइंगवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १८ मे १९२४ रोजी तिघा स्विस सोबत्यांसह आयगर शिखरावरील पहिली स्की-मोहीम तडीस नेली.

गंमत अशी की, जगाने त्यांना लक्षात ठेवले ते वेगळ्याच कामासाठी. जानेवारी १९२२ मध्ये म्युरेनच्या उतारावर त्यांनी झेंड्यांच्या जोड्या रोवल्या आणि त्यांच्यामधून जो सर्वांत कमी वेळात खाली येईल तो विजेता, असा नियम केला. झेंड्यांमधून उतरण्याच्या शर्यती झ्दार्स्की यांनी १९०५ मध्येच घेतल्या होत्या. पण तोवर वळणांच्या डौलाला मान होता. लन यांनी डौल बाजूला ठेवला आणि निकाल घड्याळावर सोपवला. यापूर्वी १९११ मध्ये त्यांनी मोंताना येथे घेतलेल्या उतारशर्यतीच्या करंडकाला लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांचे नाव होते. रॉबर्ट्स यांचा जन्म कानपूरचा आणि कीर्ती अफगाण युद्धातली. पुढे १९२४ मध्ये म्युरेनच्या क्लबलाही कंदाहार हेच नाव मिळाले. आल्प्समधील अनेक शर्यतमार्ग आजही हे नाव मिरवतात आणि तेथून घसरणाऱ्या किती जणांना ते अफगाणिस्तानातील शहर असल्याचे माहीत असेल, हा प्रश्नच आहे.

नॉर्वे आणि स्वीडनला हा प्रकार मान्य नव्हता. त्यांच्या लेखी स्कीइंग म्हणजे लांब पल्ल्याची दौड आणि उडी. नुसते खाली येण्यात कसला पराक्रम? लन यांनी लेख लिहिले, पत्रे लिहिली, भांडणे केली. भांडणाची त्यांना उपजत आवड होती हे त्यांचे मित्रही नाकारत नसत. अखेर १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने उतारशर्यत आणि स्लालम या दोहोंना मान्यता दिली आणि १९३१ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा म्युरेनमध्येच झाली. १९३६ च्या गार्मिश ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला तेव्हा उतारशर्यतीत पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत पहिले आले ते नॉर्वेचेच खेळाडू. स्लालमचे पंच होते लन आणि ब्रिटिश संघाचे कर्णधार त्यांचे चिरंजीव पीटर. नाझी राजवटीच्या त्या उद्घाटन संचलनात पीटर यांनी भाग घेतला नाही.

त्या राजवटीशी लन यांचाही सामना झाला. ऑस्ट्रियातील सांक्ट आन्टोनचे विख्यात प्रशिक्षक हान्नेस श्नायडर यांच्यासमवेत त्यांनी १९२८ मध्ये आर्लबर्ग-कंदाहार ही शर्यत सुरू केली होती. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि श्नायडर यांना अटक झाली. शर्यत तोंडावर आली होती, वसंताचा बर्फ तयार होता. लन यांनी त्या वर्षीची शर्यत रद्द केली. पुढच्या वर्षी श्नायडर अमेरिकेला जाऊ शकले.

धर्माच्या बाबतीतही त्यांचा प्रवास असाच वळणांचा. धर्मोपदेशकाचा हा मुलगा तारुण्यात नास्तिक मतांकडे झुकलेला होता. कॅथलिक पंथ स्वीकारणाऱ्यांवर त्यांनी १९२४ मध्ये टीकात्मक पुस्तक लिहिले. नंतर रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूंशी पत्रांतून दीर्घ वाद घातला आणि १९३३ मध्ये स्वतःच त्या पंथात दाखल झाले. उरलेले आयुष्य त्यांनी त्याच हिरिरीने त्या श्रद्धेची बाजू मांडण्यात घालवले. १९५२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

उत्तरायुष्यात मात्र एक सल त्यांना होता. शर्यतींसाठी उतार दाबून, घोटून कठीण केले जाऊ लागले. पाळण्यांच्या सोयीमुळे चढणे संपले. एकाच ठरावीक वाटेवरून दिवसातून वीस वेळा खाली येणाऱ्या नव्या पिढीला बर्फ वाचण्याची गरजच उरली नाही. ज्या खेळाला लोकप्रिय करण्यासाठी लन झगडले, त्याच लोकप्रियतेने त्यांच्या आवडीच्या विद्येला कोपऱ्यात ढकलले. हे त्यांनी लपवले नाही. सुमारे अर्धशतक संपादित केलेल्या ब्रिटिश स्की वार्षिकातून ही खंत ते मांडत राहिले. दोष आपल्याकडेही येतो याची त्यांना जाणीव होती.

तापमानवाढीने आता त्या घड्याळाचे काटेही सरकले आहेत. आल्प्समधील हिमनद्या आक्रसत आहेत आणि मध्यम उंचीवरच्या गावांत हंगाम आखूड झाला आहे. दररोज सकाळी बर्फाच्या स्थितीची आणि हिमप्रपाताच्या धोक्याची श्रेणी स्विस यंत्रणा जाहीर करते. वसंतात त्या अंदाजात अनेकदा सकाळ आणि दुपार यांसाठी वेगळी श्रेणी असते. लन डायरीत जे टिपत होते, ते आज मोबाइलवर येते.

२ जून १९७४ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. म्युरेनच्या रेल्वे स्थानकाजवळ त्यांच्या स्मरणार्थ एक शिळा उभी आहे. तिच्यावर १९२२ च्या स्लालमचा आणि १९३१ च्या जागतिक स्पर्धेचा उल्लेख आहे. मे महिन्यातल्या पहाटेच्या चढाईचा नाही.