गणितसारसंग्रहकार आचार्य महावीर

जैन परंपरेने जगाला अहिंसा आणि अनेकांत ही दोन अनमोल तत्त्वे दिली, हे सर्वश्रुत आहे. त्याच परंपरेने भारतीय गणिताला महावीराचार्यांसारखा थोर आचार्यही दिला, याचे स्मरण मात्र आपल्या समाजात क्वचितच होते.

इसवी सनाच्या ९व्या शतकात दख्खनवर राष्ट्रकूटांची सत्ता होती. ‘लत्तलूर’ नगरीचे स्वामी हे बिरुद ते अभिमानाने मिरवीत. ही नगरी म्हणजेच आपल्या बीडला लागून असलेले लातूर होय. या वंशातील सम्राट अमोघवर्ष नृपतुंग जिनसेनाचार्यांचे भक्त होते. त्यांच्याच काळात, सुमारे ८५० साली, दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आरंभी त्यांनी भगवान महावीरांना वंदन केले आणि नृपतुंगाच्या राज्याचा गौरव केला. स्वतःविषयी मात्र मौनच पाळले.

तत्पूर्वी गणित बहुधा ज्योतिषग्रंथांतील एखाद्या अध्यायापुरते असे. आचार्यांनी संपूर्ण ग्रंथ केवळ गणितास वाहिला. व्याज, सोन्याचा कस, धान्याची रास, खोदकाम असे व्यवहारातील प्रश्न त्यांनी श्लोकबद्ध केले. अपूर्णांकांचा लघुतम सामाईक छेद काढण्याची रीत दिली. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही सांगितले.

संख्यात, असंख्यात आणि अनंत यांचे चिंतन करणाऱ्या जैन परंपरेला मोठ्या संख्यांचे भय नव्हते. आचार्यांनी ‘एक’पासून ‘महाक्षोभ’पर्यंत २४ स्थानांची नावे दिली, महाक्षोभ म्हणजे १ वर २३ शून्ये. काही गुणाकारांची उत्तरे त्यांना कंठहारासारखी भासली, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येतात. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. तसेच २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणिले असता १२३४५६५४३२१ ही संख्या येते. यातील पहिली संख्या ५२९१ चा वर्ग, तर ४४१ हा २१ चा वर्ग आहे. ५२९१ गुणिले २१ म्हणजे १,११,१११. म्हणून उत्तर १,११,१११ चा वर्ग आहे. सहा एककांची ही संख्या स्वतःशीच गुणताना स्तंभांच्या बेरजा एकापासून सहापर्यंत चढतात व पुन्हा एकापर्यंत उतरतात. हातचा कोठेही येत नाही. हारातील मणी जणू आपोआप ओवले जातात.

११व्या शतकात पावुलुरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ साली मद्रास येथे रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने त्याची हिंदी आवृत्ती काढली. कोणा अनामिक लेखकांनी हस्तलिखिते नकलून घेतली आणि शास्त्रभांडारांनी ती जपली, म्हणूनच हे शक्य झाले. श्रुतभक्ती ती हीच. आपल्या पाठशाळेतील बालकांनी आचार्यांचा एखादा हार स्वतः गुणून पाहावा; त्या थोर गणितज्ञाला तीच खरी विनयांजली ठरेल.